विद्यार्थ्याची हिशेबाची वही
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)





गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच झाला. टाळ्यांचा आवाज अजून कानांत आहे. अशा आनंदाच्या प्रसंगी पैशाअडक्याचा विषय काढणे काहींना रुक्ष वाटेल. पण या मुलामुलींचे कौतुक आज जितके खरे आहे, तितकीच खरी दुसरी एक गोष्ट आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्गात जेवढी मुले बसतात, तेवढी सगळी शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचत नाहीत. गळणाऱ्यांत नापास होणारी असतात, तशी चांगल्या गुणांनी पास होणारीही असतात. मधेच शिक्षण का सोडले असे घरी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "परवडेना."

हा "परवडेना" शब्द आज आपण जरा उलगडून पाहू. काय परवडेना? फी म्हणावी, तर फीचा आकडा प्रवेशाच्या दिवशीच कळलेला असतो. घर तो आकडा डोळ्यांसमोर ठेवते, धावपळ करते, कोणाकडून उसने आणते आणि भरते. घर मोडते ते फीनंतर येणाऱ्या खर्चांनी, कारण ते कोणी मोजलेले नसतात. ऑक्टोबरमध्ये परीक्षा अर्जाचे पैसे, डिसेंबरमध्ये प्रोजेक्टचे पैसे, मधेच आजारपण, खोलीचे डिपॉझिट. प्रत्येक रक्कम लहानच असते. परंतु न सांगता दारात येऊन उभी राहते. मुलगा दोनदा मागतो, तिसऱ्यांदा मागायची त्याला लाज वाटते. बाप दोनदा देतो, तिसऱ्यांदा चिडतो. तेथून पुढे शिक्षण सुटायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच आहे, की शिकणाऱ्या मुलाच्या पैशांचा हिशेब आधी मांडलेला, कागदावर लिहिलेला आणि घर व मूल या दोघांनाही ठाऊक असलेला असावा. पुष्कळ घरांत मूल शिकते की गळते, ते यावर ठरते.

हा विषय आपल्या भागाला नवा नाही. इस्लामपूरहून कराडकडे गेले की काले हे गाव लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे शब्द आपण शाळांच्या भिंतींवर वाचलेले आहेत. त्या ब्रीदाचा अर्थ अगदी रोकडा होता. गरीब मुलाच्या शिक्षणाला लागणारा पैसा कोठून येणार, याचे उत्तर आधी शोधायचे आणि मग मुलाला वर्गात बसवायचे. मुले शेतात राबत, स्वतः स्वयंपाक करीत, आपल्या कष्टाने आपला खर्च हलका करीत. एकदा वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हेही आपण ऐकले आहे. दक्षिणेकडे कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि स्वतः तिचे अध्यक्षपद घेतले. मुसलमान मुलांसाठी वसतिगृह निघाले. ते मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आजही आहे. या दोघांनीही एक गोष्ट ओळखली होती. शाळेची फी माफ केल्याने मूल शिकत नाही. ते राहणार कोठे आणि जेवणार काय, याची सोय लागली तर शिकते.

आता वहीकडे येऊ. आपल्यातील कित्येकांना हिशेब लिहिणे कमीपणाचे वाटते. "घरच्या मुलाकडे काय हिशेब मागायचा?" असे बाप म्हणतो, "अब्बांचा माझ्यावर विश्वास नाही," असे मुलगा म्हणतो. दोघांनीही एक ध्यानात घ्यावे. कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत कोणती, असे विचारले तर ती सूरह बकरातील २८२ वी आयत होय, आणि तिचा विषय देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. मुदतीचे देणे असेल तर ते लिहावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतके बारकावे तेथे आहेत. मग आपल्या घरात वही ठेवण्याची लाज कसली? लिहिल्याने संशय वाढत नाही. संशयाला जागाच उरत नाही.

वही कशी मांडावी, ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपापल्या गावचे व कॉलेजचे आकडे आपण घालावेत. समजा, इस्लामपूरचा एक मुलगा सांगलीस शिकायला गेला आणि कॉट बेसिसवर राहिला. महिन्याला खोलीचे २,००० रुपये, खानावळीचे २,८००, जाण्यायेण्याचे ४००, मोबाईलचे ३००, साबण-तेल-कटिंगचे ४००, वह्या व झेरॉक्सचे ४०० आणि चहा-नाश्त्याचे ७००. बेरीज झाली ७,०००. बहुतेक घरांत हिशेब येथेच थांबतो. "मुलाला महिन्याला सात हजार लागतात," असे म्हणून बाप दर महिन्याला सात हजारांची तजवीज करतो आणि आपले काम झाले असे समजतो.

आता वहीचे दुसरे पान उघडा. या पानावर महिन्याचे नव्हे, तर वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहायचे. खोलीचे डिपॉझिट ४,०००. दोन सत्रांच्या परीक्षांचे ३,०००. पुस्तके, जर्नल, अ‍ॅप्रन, कॅल्क्युलेटर मिळून ३,५००. प्रोजेक्ट किंवा सहल ३,०००. कपडे आणि ईद ३,०००. आजारपणासाठी १,५००. बेरीज १८,०००. बाराने भागा, महिन्याला १,५०० रुपये होतात. हे दीड हजार रुपये कोणी मोजलेले नसतात, आणि मघाशी सांगितलेला "परवडेना" येथून जन्म घेतो. तेव्हा पालकांनी हे दीड हजार मुलाच्या हाती न देता दर महिन्याला घरीच वेगळ्या खात्यात बाजूला टाकावेत. ऑक्टोबरात परीक्षेचा अर्ज आला, की पैसे तयार असतील. मुलाला हात पसरावा लागणार नाही आणि आपल्यालाही कोणाच्या दारात जावे लागणार नाही. डिपॉझिटची पावती मात्र घ्यावी. खोली सोडताना ते परत मिळायचे असते, आणि पावती नसली की घरमालकाशी वाद होतो.

येथे कोणी म्हणेल, "महिन्याला दीड हजार बाजूला टाकायला महिन्याची कमाई तरी सारखी हवी ना?" ही शंका रास्त आहे. आपल्या समाजात पगारदार थोडे. हातावर पोट असणारे आणि छोटे धंदेवाले अधिक. कोणी गवंडीकाम करतो, कोणाचे गॅरेज आहे, कोणाचा फळांचा गाडा, कोणाचे शिलाईचे दुकान, कोणी उसाच्या शेतीवर. या सर्वांची कमाई ऋतूंप्रमाणे चढते-उतरते आणि कॉलेजचे वर्ष आपल्या चालीने चालते. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गवंडीकाम पावसाळ्यात बसते, आणि प्रवेशाची फी नेमकी जून ते ऑगस्टमध्ये येते. उसाचा पैसा कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर हाती येतो. तोवर कॉलेजचे पहिले सत्र संपत आलेले असते. शिलाई आणि फळे यांना रमजानचा महिना मोठा. पण चांद्र वर्षामुळे तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ साली रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला. काही वर्षांपूर्वी ईदची कमाई प्रवेशाच्या तोंडावर हाती येत होती; आता ती तीन-चार महिने आधी येते आणि जून उजाडेपर्यंत उडून जाते. यात नशिबाचा दोष नाही, ही दिनदर्शिकेची बाब आहे आणि ती आधीपासून माहीत असते. म्हणून वहीच्या तिसऱ्या पानावर बारा महिने आडवे लिहा. वर कमाईचे महिने, खाली खर्चाचे महिने. जेथे मोठी कमाई आहे, त्याच आठवड्यात पुढच्या फीचा वाटा मोडता न येणाऱ्या ठेवीत टाका. आपल्या भगिनी भिशी लावतात. त्यांनी आपला नंबर जून-जुलैत मागून घेतला, तर तीच भिशी मुलाच्या प्रवेशाला उपयोगी पडेल. मात्र भिशी ओळखीच्या आणि थोड्या माणसांतच असावी, आणि तीही लिहिलेली असावी. बुडाली तर दाद मागायला जागा नसते.

ठेवीबद्दल बोलतोच आहे, तर आणखी एक सांगतो. बँकेत, मग ती सहकारी का असेना, एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था पुष्कळ आहेत आणि अर्धा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून लोक तेथे वळतात. मुलीच्या शिक्षणाचा पैसा अर्ध्या टक्क्यासाठी धोक्यात घालू नये, एवढेच माझे म्हणणे.

आता वजिफ्याविषयी. शासनाच्या योजना आहेत, पण त्यांच्याकडे पाहण्याची आपली रीत बदलायला हवी. महाराष्ट्रात बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरले जातात. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीही राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी शासनाने माफ केली आहे. त्यासाठी मुलगी इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील असावी आणि घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी जमाती आपल्या राज्यात इतर मागासवर्गात आहेत. पण घरी जातीचा दाखलाच काढलेला नसतो! आरक्षित वर्गात न येणाऱ्या गरीब घरांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो, हेही अनेकांना माहीत नसते. सवलत असते, मुलगी पात्र असते, आणि एका कागदावाचून पूर्ण फी भरली जाते किंवा प्रवेशच सोडला जातो. ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून दाखले निकालानंतर नव्हे, तर एप्रिल-मे महिन्यांतच काढायला घ्यावेत. निकालानंतर सेतू केंद्रात आणि तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. जे लागू असेल ते. आणि नावे तपासा. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आधी, आधारवर शेवटी; एके ठिकाणी 'मोहम्मद', दुसरीकडे 'महंमद'; आईचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचे. आपल्याला हा फरक किरकोळ वाटतो, पण संगणक तेवढ्यावर अर्ज अडवतो. गावाच्या नावाचेही तसेच. कोठे इस्लामपूर, कोठे उरुण-इस्लामपूर असते. २०२५ साली राज्य शासनाने ईश्वरपूर हे नाव जाहीर केल्यामुळे नव्या-जुन्या कागदांवर फरक दिसू शकतो. सर्व जुने दाखले एका फायलीत जपून ठेवावेत. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही खात्यात पडत नाही. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, तेही विसरू नये.

आणि मुख्य गोष्ट अशी, की वजिफा वहीत 'येणे' म्हणून लिहावा, 'कमाई' म्हणून नव्हे. तो पुष्कळदा उशिरा येतो, कधी पुढचे वर्ष सुरू झाल्यावर येतो. त्याच्या भरवशावर खोली घेतलेल्या मुलाचे हाल होतात. योजना बंदही पडतात. मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना २००९ पासून मिळत होती. केंद्र शासनाने ती २०२२ च्या डिसेंबरात बंद केल्याचे सांगितले. त्याच वर्षी पहिली ते आठवीच्या मुलांची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही थांबली. तेव्हा अर्ज प्रत्येक योजनेचा भरावा, पण उभे राहावे ते स्वतःच्या पायावर. वजिफा आला, की तो पुढच्या सत्राच्या फीसाठी ठेवावा. आलेल्या दिवशी त्याचा नवा मोबाईल होऊ नये.

आता कर्जाचे बोलू. शैक्षणिक कर्जावर व्याज असते आणि व्याजाबद्दल आपल्या मनात प्रश्न असतो. त्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून करावा. तो माझा अधिकार नाही. मी केवळ हिशेब मांडतो. सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आईवडील सहकर्जदार असतात. परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होते. पुष्कळांना वाटते, की तोवर व्याजही थांबलेले असते. तसे नसते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याज सरळ १० टक्के धरले. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. हप्ता सुरू व्हायच्या आधीच १ लाख ४० हजार व्याज चढले आणि देणे ५ लाख ४० हजार झाले. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे नऊ हजारांचा हप्ता. मुलाला पहिली नोकरी किती पगाराची मिळेल, हे या नऊ हजारांशेजारी लिहून पाहा आणि मगच सही करा. कर्ज घ्यावेच लागले, तर शिकत असतानाच जमेल तेवढे व्याज भरत जावे. पहिल्या वर्षी ते महिन्याला सव्वाआठशे ते साडेआठशेच्या घरात असते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडूनही कमी दराने शैक्षणिक कर्ज मिळते. त्याच्या मर्यादा व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून सांगली येथे जिल्ह्याच्या कार्यालयात प्रत्यक्ष विचारावे.

गल्लीतील खासगी सावकाराचे गणित मात्र वेगळे आहे. तो "शेकडा तीन" म्हणतो, तेव्हा ते महिन्याचे असते; वर्षाचे छत्तीस टक्के झाले. "शेकडा पाच" म्हणजे साठ टक्के. परवाना नसलेली सावकारी महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१४ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. फी भरण्यासाठी या दारी जाऊ नये. त्यापेक्षा नात्यागोत्यातील कर्जे-हसना शतपटीने चांगले. पण तेही लिहावे. मामूने वीस हजार दिले, तर कधी आणि कसे परत करायचे ते दोघांच्या सहीने कागदावर उतरवावे. नाहीतर पैसा राहतो बाजूला, आणि पुढच्या लग्नात मामू एकीकडे व आपण दुसरीकडे बसतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. आमच्या वेळी पैसे खिशातून जात, तेव्हा खिसा हलका झालेला हाताला कळे. तुमचे पैसे मोबाईलवरून जातात आणि हाताला काही कळत नाही. दहा रुपयांचा चहा, वीसचा वडापाव, चाळीसची भेळ. स्कॅन केले की गेले. महिनाअखेर मोबाईल तुम्हाला सगळी यादी दाखवतो, हे खरे. पण कोठे गेले एवढेच तो सांगतो. का गेले, हे तुम्हालाच लिहावे लागेल. रात्री झोपण्यापूर्वी पाच ओळी लिहा. शक्य असेल तर महिन्याचे पैसे एका खात्यात ठेवा आणि आठवड्यापुरते मोबाईलच्या खात्यात घ्या. आठवडा संपण्याआधी पैसे संपले, तर तुमचे तुम्हाला समजेल. एस.टी.चा विद्यार्थी पास काढा. पूर्ण भाड्याच्या एक-तृतीयांशात प्रवास होतो. पुस्तके ग्रंथालयातून घ्या, वरच्या वर्गातील मुलांकडून जुनी घ्या. मित्राला उसने द्यावेसे वाटले, तर बुडाले तरी चालतील एवढेच द्या. खानावळीचे पैसे कोणाला देऊ नका.

तीन गोष्टींपासून मात्र अगदी दूर राहा. पहिली, मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप. कर्ज देताना ती तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो मागतात, आणि हप्ता चुकला की तुमच्या आईला, शिक्षकांना, नातेवाइकांना धमक्या जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमचे नंबर व फोटो घेता येत नाहीत आणि कर्ज कोणत्या बँकेचे वा वित्तसंस्थेचे आहे ते स्पष्ट सांगावे लागते. जे अ‍ॅप असे सांगत नाही, ते फोनमध्ये ठेवूच नका. दुसरी, पैसे लावून खेळायचे खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. तरी चोरवाटा निघतात. ज्या खेळात शेवटी खेळवणारा जिंकतो, त्यात तुमच्या अब्बांच्या घामाचे पैसे लावू नका. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. कोणी म्हणेल, "तुझे खाते आणि कार्ड दोन दिवस वापरायला दे, तुला दोन हजार देतो." हे पैसे फसवणुकीचे असतात. ते तुमच्या खात्यातून फिरवले जातात. खाते गोठते आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात. पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडतो. दोन हजारांत आयुष्य विकू नका. आणि अशा जाळ्यात कोणी सापडलाच, तर त्याने लपवू नये. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि त्याच दिवशी घरी सांगावे.

येथे पालकांनाही एक विनंती. मुलगा असे काही सांगायला आला, तर त्याचे आधी ऐकून घ्या. रागवायला पुढे सारा जन्म आहे. घरी सांगायची भीती वाटते म्हणूनच मुले एका कर्जासाठी दुसरे कर्ज काढतात.

कमाईविषयी थोडेसे. शिकताना काम करण्यात कमीपणा नाही, हे कर्मवीरांनी आपल्याच मातीत दाखवून दिले. शिवाजी विद्यापीठात आणि अनेक महाविद्यालयांत कमवा व शिका योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम मिळते. लहान मुलांच्या शिकवण्या घेता येतात. धंदा शिकलेल्या मुलाने सुट्टीत वडिलांच्या गॅरेजमध्ये हात लावला, तर तीही कमाईच आहे. फक्त एक पथ्य पाळावे : काम अभ्यासाच्या पोटात शिरू नये. रात्री दोनपर्यंत काम आणि सकाळच्या तासाला गैरहजेरी, असे झाले तर मिळवलेले दोन हजार एका नापास वर्षाच्या खर्चात बुडतात.

शेवटचा मुद्दा मुलींचा, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मुलगा शिकायला गेला की त्याच्या नावाचे खाते निघते, कार्ड येते. मुलगी गेली की "भावाच्या खात्यावर पाठवतो, तो देईल," असे आपण म्हणतो. शिष्यवृत्ती मात्र तिच्याच आधारशी जोडलेल्या खात्यात यायची असते! खाते तिच्या नावाचे आणि कार्डही तिच्या हातात असावे. हिशेब तिनेच लिहावा. मुली हिशेबाला किती चोख असतात, हे प्रत्येक आई जाणते. मग असेही पाहा, की तिच्या लग्नासाठी जन्मापासून आपण पै-पै जमवतो. त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या दीड हजारांसाठी तिचे कॉलेज थांबते आणि लग्नात मांडवावर लाखभर उडतात, तेव्हा आपण नेमके कशासाठी जमवत होतो, हे स्वतःला विचारावे. मेहेरची रक्कम आणि जेवणाची पंगत यांची बोलणी जेवढ्या बारकाईने होतात, तेवढ्याच बारकाईने तिच्या पदवीचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहा. बहुतेक घरांना तो वाटला होता त्यापेक्षा आटोक्यातला दिसेल.

आपल्या संस्थेलाही मी एक सुचवतो. जकात आणि देणग्यांतून आपण फीला मदत करतो, ती करावीच. परंतु काही रक्कम वर्षाच्या मध्यावर, परीक्षेच्या अर्जाच्या वेळी देण्यासाठी राखून ठेवावी. प्रवेशाच्या वेळी मदत मागणारे सर्वांना दिसतात. ऑक्टोबरात मुकाट्याने घरी बसणारा मुलगा कोणाला दिसत नाही. आणि एप्रिल महिन्यात दाखले काढण्यासाठी दोन रविवार एक टेबल मांडून बसावे. मोठ्या देणगीचेही नाही असे काम या टेबलाने होईल.

मित्रहो, या आठवड्यात एक चाळीस पानी वही घ्या. पहिल्या पानावर महिन्याचा खर्च, दुसऱ्यावर वर्षाचा, तिसऱ्यावर कमाईचे आणि फीचे महिने, चौथ्यावर देणे-घेणे. बाप आणि मुलगा, आई आणि मुलगी, शेजारी बसून ती लिहा. घरात किती आहे, हे मुलांना कळू द्या. त्यांना किती लागते, हे तुम्हाला कळू द्या. गरिबी लपवली म्हणजे मुले बिघडत नाहीत, असे नाही. ती सांगितली म्हणजे मुले शहाणी होतात, हा मात्र अनुभव आहे. आज ज्यांचा सत्कार झाला, त्यांची पदवीची वर्षे पुरी झालेली पाहायला आपण सर्वांनी पुन्हा याच सभागृहात जमावे, अशी दुआ करतो.